यूबरफ्रेमडुंग

यूबरफ्रेमडुंग : देशातील परकीयांची संख्या वाढल्याने मूळ समाजाचे वैशिष्ट्य लोप पावत आहे, अशी भीती व्यक्त करणारी जर्मन भाषेतील एक संज्ञा. विसाव्या शतकात ती विशेषतः स्वित्झर्लंडच्या राजकारणात रूढ झाली व परदेशी कामगार आणि राष्ट्रीय अस्मिता यांविषयीचा तेथील बहुतेक प्रचार तिच्या आधारे झाला. तिला नेमका मराठी प्रतिशब्द नाही. ‘फ्रेमड’ या पदात परका व उपरा या दोन्ही शब्दांच्या छटा आहेत. ‘यूबर’ हा उपसर्ग अतिरेक दर्शवितो. परकीयांचे अमुक एक प्रमाण सुसह्य आणि त्यापलीकडचे घातक, ही कल्पना या शब्दातच गृहीत धरलेली आहे. ती मर्यादा कोणती, हे मात्र शब्द सांगत नाही. त्याचे राजकीय सामर्थ्य बव्हंशी या संदिग्धतेत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्वित्झर्लंड हा मुख्यतः देशांतर करून जाणाऱ्यांचा देश होता. लोहमार्ग व बोगद्यांच्या बांधकामांमुळे हा प्रवाह उलटला. गॉटहार्ट बोगद्याच्या कामावर (१८७२–८२) प्रामुख्याने इटालियन मजूर होते. १८७५ मध्ये गशेनेन येथे त्यांनी केलेल्या संपाच्या वेळी झालेल्या गोळीबारात चार मजूर मृत्युमुखी पडले. १८९६ मध्ये झुरिक येथे इटालियन वस्तीविरुद्ध दंगल उसळली. १९१० च्या जनगणनेत परकीयांचे प्रमाण १४·७ टक्के भरले. जिनीव्हा, बाझेल व झुरिक या शहरांत ते सुमारे एकतृतीयांश वा त्याहून अधिक होते. यूबरफ्रेमडुंग हा शब्द कार्ल आल्फ्रेड श्मिट या झुरिकच्या गरीब-साहाय्य खात्यातील अधिकाऱ्याने १९०० मध्ये प्रथम वापरला, असे मानले जाते.

आरंभी या शब्दाने सुचविलेला उपाय नंतरच्या काळातील उपायाच्या अगदी उलट होता. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकत्व जन्मस्थानावरून ठरत नाही, वंशपरंपरेने ठरते. त्यामुळे देशात जन्मलेली, तेथील शाळांत शिकलेली व तेथील बोली बोलणारी मुलेही परकीयांत मोजली जात. तेव्हा परकीयांची संख्या कमी करावयाची, तर त्यांना नागरिक करून घ्यावे, प्रसंगी दुसऱ्या पिढीवर नागरिकत्व सक्तीने लादावे, असा विचार पहिल्या महायुद्धापूर्वी गंभीरपणे मांडला जात होता. महायुद्धाने हे वातावरण बदलले. १९१७ मध्ये संघीय परकीय-पोलीस खाते स्थापन झाले आणि परकीय माणूस हा सामावून घेण्याचा विषय न राहता देखरेखीचा विषय बनला. पूर्व यूरोपातून आलेल्या ज्यूंविरुद्ध ही संज्ञा सर्रास वापरली जाऊ लागली. या खात्याचा प्रमुख हाइन्रिख रोटमुंट याच्या कारकीर्दीत १९३८ साली जर्मनीशी झालेल्या वाटाघाटींतून जर्मन ज्यूंच्या पारपत्रांवर ‘जे’ अक्षराचा शिक्का मारण्याची पद्धत सुरू झाली. परकीयांच्या निवासाविषयीच्या १९३१ च्या कायद्याने (अंमल १९३४ पासून) परवाना देताना देशातील यूबरफ्रेमडुंगचे प्रमाण लक्षात घेण्याचे बंधन अधिकाऱ्यांवर घातले. प्रचारातील शब्दाला असे वैधानिक स्थान मिळाल्याची उदाहरणे विरळाच. गमतीची गोष्ट अशी की, परकीयांचे प्रमाण त्या सुमारास सतत घटत होते आणि १९४१ मध्ये ते ५·२ टक्क्यांवर आले होते.

दुसऱ्या महायुद्धात स्विस कारखाने अबाधित राहिले. युद्धोत्तर मागणी पुरविण्यास देशातील मनुष्यबळ अपुरे पडू लागले, म्हणून १९४८ मध्ये इटलीशी कामगारभरतीचा करार करण्यात आला. हे कामगार कायमचे राहणार नाहीत, आलटून पालटून येतील व जातील, असे गृहीत होते. हंगामी परवाना वर्षाकाठी जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा असे. त्यानंतर देश सोडावा लागे. परवानाधारकास मालक बदलता येत नसे, की कुटुंब आणता येत नसे. कामगारांना सरहद्दीवरील क्यासो व ब्रिग या स्थानकांवर वैद्यकीय तपासणीसाठी रांगेत उभे राहावे लागे आणि पुढे अनेकांची वस्ती लाकडी बराकींत होई. काही आईबापांनी मुले चोरून आणली. शेजाऱ्यांनी तक्रार केल्यास हद्दपारी होई, या धास्तीने ही मुले दिवसभर बंद खोलीत, आवाज न करता राहत. शाळा त्यांच्या वाट्याला येत नसे. ‘कपाटातील मुले’ असे त्यांना पुढे म्हटले जाऊ लागले. १९६४ च्या नव्या करारान्वये वार्षिक परवानाधारकांना कुटुंब आणण्यासाठी करावी लागणारी प्रतीक्षा कमी करून १८ महिन्यांवर आणली गेली आणि सलग पाच हंगाम काम करणाऱ्यास वार्षिक परवाना मिळण्याची तरतूद झाली. या माफक सवलतींनी स्विस जनमत बिथरले. कामगार तात्पुरता नाही, हे त्यांमुळे प्रथमच अधिकृतपणे मान्य झाले होते.

पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १९६५ रोजी, व्हॅले कँटनमधील मॅटमार्क धरणाच्या कामावर आलालिन हिमनदीचा कडा कोसळून ८८ जण ठार झाले. त्यांपैकी ५६ इटालियन होते. कामगारांच्या बराकी हिमनदीच्या मुखाखालीच बांधण्यात आल्या होत्या. १९७२ मध्ये खटल्यातील सर्व आरोपी निर्दोष सुटले आणि अपील करणाऱ्या मृतांच्या नातलगांवर न्यायालयीन खर्चाचा निम्मा भार टाकण्यात आला. मॅक्स फ्रिश (१९११–९१) या स्विस लेखकाने इटालियन कामगारांवरील एका पुस्तकाच्या १९६५ मधील प्रस्तावनेत श्रमशक्ती व माणूस यांतील भेदावर बोट ठेवले. त्याचे ते वाक्य नंतर यूरोपभर उद्‌धृत केले गेले.

श्वार्ट्‌सेनबाख उपक्रम : नागरिकांनी ठराविक संख्येने सह्या गोळा करून घटनादुरुस्ती सुचविण्याचा अधिकार (उपक्रमाधिकार) स्वित्झर्लंडमध्ये १८९१ पासून आहे. अशा सूचनेवर सार्वमत घ्यावेच लागते. त्यामुळे लहान पक्षालाही आपला विषय साऱ्या देशापुढे मांडता येतो. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल अ‍ॅक्शन’ या पक्षाने या साधनाचा पुरेपूर उपयोग केला. त्याचा प्रवक्ता जेम्स श्वार्ट्‌सेनबाख (१९११–९४) हा झुरिकच्या धनाढ्य रेशीम-कारखानदार घराण्यातील प्रकाशक होता व १९६७ मध्ये राष्ट्रीय परिषदेवर निवडून आला होता. जिनीव्हाचा अपवाद वगळता प्रत्येक कँटनमधील परकीयांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत आणावे, अशी त्याच्या उपक्रमाची मागणी होती; जिनीव्हासाठी ही मर्यादा २५ टक्के होती. तो संमत झाला असता, तर तीन लाखांहून अधिक लोकांना देश सोडावा लागला असता, असा अंदाज होता.

श्वार्ट्‌सेनबाखच्या प्रचाराची धाटणी लक्षणीय आहे. आपले भांडण इटालियन माणसाशी नाही, नफ्यासाठी स्वस्त मजूर आणणाऱ्या मोठ्या उद्योगांशी आहे, असे तो सांगे. घरांची टंचाई, वाढती भाडी, गर्दीच्या शाळा आणि बदललेला मोहल्ला या सामान्य माणसाच्या खऱ्या तक्रारी त्याने एकत्र गुंफल्या व त्या सर्वांचे मूळ परकीयांच्या संख्येत दाखविले. कारखानदाराच्या वारसाने कारखानदारांविरुद्ध बोलावे, यातील विसंगती त्याच्या श्रोत्यांना खुपली नाही. उलट त्याचा निःस्पृहपणा त्यांना त्यात दिसला असावा. उपक्रमाचा मसुदा पाहिला, तर प्रचाराचा खरा रोख ध्यानात येतो. वर्षातून नऊ महिन्यांहून अधिक न राहणारे व कुटुंब न आणणारे हंगामी कामगार, रोज सरहद्द ओलांडून ये-जा करणारे, तसेच रुग्णालयांतील सेवकवर्ग यांना १० टक्क्यांच्या मोजणीतून वगळले होते. धरणे बांधणारा आणि हॉटेलात भांडी घासणारा परकीय यावा, यास हरकत नव्हती. त्याची बायकोमुले येऊ नयेत, एवढाच मसुद्याचा अर्थ होतो.

विरोधकांची बाजूही या दृष्टीने फारशी वेगळी नव्हती. संघीय सरकार, सर्व प्रमुख पक्ष, मालकसंघ, कामगार संघटना व चर्च उपक्रमाच्या विरोधात होते. परंतु कारखाने बंद पडतील, बांधकामे थांबतील, हाच त्यांचा मुख्य युक्तिवाद असे. परकीयाला राहण्याचा काही हक्क पोहोचतो, असे म्हणणारे थोडे होते. मतदानापूर्वी, मार्च १९७० मध्ये, सरकारने नव्याने येणाऱ्या कामगारांच्या एकूण संख्येवर मर्यादा घालून विरोधाची धार कमी करण्याचा प्रयत्न केला. ७ जून १९७० रोजी सुमारे ७५ टक्के मतदारांनी मतदान केले व उपक्रम ५४ विरुद्ध ४६ टक्क्यांनी फेटाळला गेला. मतदार केवळ पुरुष होते. स्विस स्त्रियांना संघीय मताधिकार फेब्रुवारी १९७१ मध्ये मिळाला. कामगार संघटनांचे बरेच सभासद नेत्यांचा आदेश डावलून उपक्रमाच्या बाजूने गेले होते. त्या वर्षी देशात सु. १०·८ लाख परकीय होते व त्यांपैकी निम्म्याहून अधिक इटालियन होते.

परकीयांची संख्या पाच लाखांवर आणण्याचा दुसरा उपक्रम ऑक्टोबर १९७४ मध्ये सुमारे दोन-तृतीयांश मतांनी फेटाळला गेला. सार्वमताने जे साधले नाही, ते काही अंशी मंदीने साधले. तेलसंकटानंतर नोकऱ्या गेलेल्या परकीयांचे परवाने नूतनीकरण न होता संपले. हजारो कुटुंबे परतली आणि बेकारीचे आकडे मात्र फारसे वाढले नाहीत. हंगामी परवाना रद्द करावा, अशी मागणी करणारा ‘मिटेनांड’ (सर्व मिळून) उपक्रम एप्रिल १९८१ मध्ये प्रचंड बहुमताने नाकारला गेला. हा परवाना अखेर २००२ मध्ये, यूरोपीय संघाशी झालेला मुक्त संचाराचा करार अंमलात आल्यावर संपुष्टात आला.

दरम्यान परका कोण, याची व्याख्या सरकत गेली. ल्यूसर्नजवळील एमन येथे मार्च २००० मध्ये नागरिकत्वाच्या अर्जांवर गावकऱ्यांनी गुप्त मतदान केले, तेव्हा मान्यता मिळालेले सर्व अर्जदार इटालियन वंशाचे होते; पूर्वीच्या यूगोस्लाव्हियातील अर्जदारांना नकार मिळाला. तीस वर्षांपूर्वी ज्यांना सामावून घेणे अशक्य म्हटले जात होते, तेच आता आपले ठरले होते. नागरिकत्वाचे अर्ज मतपेटीद्वारे निकालात काढण्याची ही पद्धत संघीय न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरविली.

नॅशनल अ‍ॅक्शनचा विषय पुढे स्विस पीपल्स पार्टी या मोठ्या पक्षाने उचलला. पांढऱ्या मेंढ्या एका काळ्या मेंढीला लाथ मारून राष्ट्रध्वजाबाहेर काढत आहेत, असे तिचे २००७ मधील भित्तिपत्रक गाजले. स्थलांतरावर वार्षिक मर्यादा घालणारा तिचा उपक्रम ९ फेब्रुवारी २०१४ रोजी ५०·३ टक्के मतांनी संमत झाला; मुक्त संचाराचा करार संपविण्याचा उपक्रम मात्र सप्टेंबर २०२० मध्ये सु. ६२ टक्के मतांनी फेटाळला गेला. यूबरफ्रेमडुंग हा शब्द अधिकृत भाषेतून मागे पडला असून त्याची जागा ‘सामूहिक स्थलांतर’, ‘दाटी’ अशा शब्दांनी घेतली आहे. लोकसंख्येतील परकीयांचे प्रमाण आता एकचतुर्थांशाहून अधिक आहे. ते इतके मोठे दिसण्यास नागरिकत्वाचा कायदाही कारणीभूत आहे. तिसऱ्या पिढीला सुलभ रीतीने नागरिकत्व देण्याची तरतूद फेब्रुवारी २०१७ च्या सार्वमताने मान्य झाली. तिच्यानुसार अर्ज वयाच्या पंचविसाव्या वर्षापूर्वी करावा लागतो. तोपर्यंत या देशात जन्मलेल्या परदेशी कामगारांच्या नातवंडांचीही गणना परकीयांतच होते.