शस्त्रक्रियेआधीचे १२ दिवस

बायोप्सीचा रिपोर्ट आला : स्तनाचा कॅन्सर, पहिली स्टेज. ऑपरेशन १२ दिवसांनी. मला वाटे, गाठ आजच काढून टाकावी. डॉक्टर म्हणाल्या, "ही रातोरात झालेली नाही. एवढ्या दिवसांनी बिघडणार नाही. तोवर प्रश्न लिहून आणा."

लेकीनं वही काढली. पहिला प्रश्न : स्तन पूर्ण काढायचा की फक्त गाठ? इटली आणि अमेरिकेतल्या अभ्यासांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. सुरुवातीच्या टप्प्यात गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या बायका स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या. दुसरा प्रश्न : रिपोर्टमधलं ईआर, पीआर, हर-टू म्हणजे काय? पुढची औषधं त्यावर ठरतात.

वहीत न मावणारा प्रश्न होता, घरी सांगायचं कसं? आम्हा इंदूरकरांकडे बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या नातलगांत पोचते. म्हणून सासूबाईंना मीच सांगितलं. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या मावशीलाही हेच होतं गं. घरात कुणी नावच घेतलं नाही. तिनं उशिरा दाखवलं."

मुलींनो, हे नाव घरात मोठ्यानं घ्या. आईला, मावशीला विचारा.

उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे. भीती आहेच; पण आता घरात ती मी एकटी सांभाळत नाही.