नियम ठाऊक, रूप अज्ञात

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाची 'द मंकीज् पॉ' ही कथा १९०२ साली प्रसिद्ध झाली. या भयकथेत भूत एकदाही दिसत नाही. माकडाचा एक वाळलेला पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो. म्हातारं जोडपं पहिल्या इच्छेत दोनशे पौंड मागतं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा कारखान्यातल्या यंत्रात सापडून गेल्याची बातमी येते. कंपनी भरपाई देऊ करते, ती नेमकी दोनशे पौंडांची. मुलाला पुरल्यावर काही दिवसांनी आई हट्टच धरते, की त्याला परत मागा. बाप नाइलाजाने मागतो. बऱ्याच वेळाने दारावर थाप पडते. आई धावते, पण वरची कडी तिच्या हाताला लागत नाही, म्हणून ती खुर्ची ओढून आणते. इकडे बाप अंधारात जमिनीवर चाचपडत तो पंजा शोधतोय. कडी सरकल्याचा आवाज आणि बापाची तिसरी इच्छा एकाच क्षणी येतात, आणि दार उघडतं तेव्हा बाहेर कुणी नसतं. आता आधीचं एक वाक्य आठवून बघा: मुलाचं प्रेत आपल्याला केवळ कपड्यांवरून ओळखता आलं, असं बाप आईला सांगतो. दाराबाहेर काय उभं असेल, हे जेकब्जने कुठेही लिहिलेलं नाही. ते चित्र त्या एका वाक्यावरून वाचक स्वतः रंगवतो, आणि स्वतः रंगवलेलं चित्र त्याला मिटवता येत नाही.

खरी भीती कशाने वाटते, या प्रश्नाचं माझ्या मते उत्तर या कथेत आहे. येणाऱ्या गोष्टीचा नियम आपल्याला पक्का ठाऊक हवा आणि तिचं रूप मात्र ठाऊक नको. पंजा मागितलेलं देतो, पण वाकड्या वाटेने देतो, हा नियम पहिल्या इच्छेने सिद्ध झालेला असतो. म्हणून दुसऱ्या इच्छेनंतर लेखकाला काही करावंच लागत नाही. थाप ऐकू येईपर्यंत वाचक स्वतःच पुढचा हिशेब मांडून बसलेला असतो.

आपल्याकडे या विषयाचा विचार फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस आहेत. एकाचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा म्हणजे किळस. भयानकाची कारणं सांगताना भरत चमत्कारिक आवाज, कोल्हे-घुबडं, ओसाड घर, अरण्य यांचा उल्लेख करतो. यातल्या बहुतेक गोष्टी काहीतरी येणार असल्याच्या खुणा आहेत. रक्तमांस बीभत्साकडे जातं. आजच्या कित्येक भयपटांची गफलत इथेच होते. ते किळस आणतात आणि भीती वाटली असं धरून चालतात. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने भयानकाचा उलगडा करायला शाकुंतलाच्या पहिल्या अंकातलं हरिण घेतलं. दुष्यंताचा रथ मागे लागलाय, हरिण मान वळवून वळवून मागे बघतंय, बाणाच्या धास्तीने त्याने अंग आखडून घेतलंय आणि दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेलं गवत वाटेवर सांडतंय. बाण अजून सुटलेलाही नाही. अभिनवगुप्त म्हणतो, की हे भय ना केवळ हरणाचं राहतं, ना माझं किंवा तुझं. स्थळकाळाची बंधनं गळून ते निखळ भय म्हणून मनात उतरतं. न सुटलेल्या बाणात इतकं सामर्थ्य असतं, हे ओळखायला त्याला कुठलाही भयपट लागला नव्हता.

यावर लगेच कुणी म्हणेल, की थिएटरात लोक किंचाळतात ते काहीतरी अचानक अंगावर आल्यावरच, वाट बघताना नव्हे. खरं आहे. पण मोठ्या आवाजाला डोळे मिटणं, मान खांद्यांत जाणं ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. फुगा फुटल्यावरही ती होते, आणि फुग्याला कुणी घाबरत नाही. १९४२च्या 'कॅट पीपल'मध्ये या दोहोंतला फरक स्पष्ट दिसतो. निर्माता व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांच्या हाती पैसा बेताचाच होता. एक तरुणी रात्री निर्मनुष्य रस्त्याने चालली आहे. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतोय. एका ठिकाणी तो आवाज थांबतो, आणि पडद्यावर फक्त पहिलीची पावलं उरतात. मग श्वापदाच्या फिस्कारण्यासारखा आवाज करत पडद्यात घुसते ती साधी बस. नंतरच्या असंख्य चित्रपटांनी त्या बसची नक्कल केली आणि ते थांबलेले पाय विसरले. बस आल्यावर प्रेक्षक दचकतो आणि सुटतोही. त्याला घाबरवून झालेलं असतं ते त्या आधीच्या शांततेने.

मात्र नुसतं धूसर ठेवलं की काम भागलं, असंही नाही. धुकं, करकरणारी दारं आणि कुणाचा तरी उसासा एवढ्यावर पानंच्या पानं भरलेल्या कथा कंटाळवाण्या होतात, कारण त्यांत काय केल्याने काय होईल हेच कळत नाही. आपल्या लोकसमजुतींतली भुतं या बाबतीत काटेकोर आहेत. मुंजा पिंपळावर राहतो. तिठ्यावरचा उतारा ओलांडायचा नाही. चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच बांधावर येऊन पोचतो. चकव्याला चेहरा नाही, हातपाय नाहीत, आवाज नाही, नियम तेवढा आहे. भुतावळीत मला तो सर्वांत भीतिदायक वाटतो. धारप-मतकरी या मराठी भयकथाकारांच्या चांगल्या कथांमध्येही वाडा किंवा चाळीतली खोली आधी चोख उभी राहते, घरातले व्यवहार कळतात, आणि मग त्या व्यवहारातली एकच गोष्ट जागेवरून हलते.

सर्वांत भक्कम आक्षेप 'तुंबाड'चा आहे. राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा हा चित्रपट काही लपवत नाही. त्यातला राक्षस हस्तर दिसतो, जवळून दिसतो, तरीही भीती वाटते. मग रूप अज्ञात राहण्याची अट गेली कुठे? पण विहिरीतला तो प्रसंग नीट बघा. नायक विनायक खाली उतरतो, स्वतःभोवती पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो. हस्तर तिच्यावर तुटून पडतो, तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. हस्तर दिसतो म्हणून नव्हे, बाहुली संपायला किती वेळ उरला या हिशेबाने छाती धडधडते. पुढे त्याचा मुलगा सुचवतो, पुष्कळ बाहुल्या नेल्या तर सगळं एका फेरीत मिळेल. बापलेक खाली जातात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उतरतात. नियम मोडलेला नाही, तो तंतोतंत पाळला गेलाय, फक्त त्याची ही बाजू दोघांनी तपासली नव्हती. हस्तर पूर्ण उजेडात उभा असला तरी नियमाचं एक टोक अंधारात होतं, आणि भीती तिथूनच आली. तेव्हा माझं विधान थोडं सुधारून घ्यायला हवं: अज्ञात राहावं लागतं ते राक्षसाचं तोंडच असतं असं नाही, पुढचा परिणामही असू शकतो.

दुसरा आक्षेप असा, की शेवट ठाऊक असलेली कथा पुन्हा वाचताना अज्ञात काहीच उरत नाही, तरी ती का घाबरवते? जेकब्जची कथा दुसऱ्यांदा वाचताना थाप पडणार हे माहीत असतं, म्हणून त्या आधीची शांतता जास्त जड होते. शिवाय दाराबाहेर काय होतं, हे दहाव्या वाचनातही कळत नाही.

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) तर बराचसा उजेडातच घडतो. गरोदर नेहा उसाच्या रानातल्या एका घरी आश्रयाला येते. चहूकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस, दिशा कळू नये असा. चकव्याला याहून सोयीची जागा नाही. पण प्रेक्षक धास्तावतो तो उसातल्या हालचालीपेक्षा घरातल्या तुळसाबाईच्या काळजीने. या बाईची माया आपल्या ओळखीची आहे आणि तिच्यामागची अट आपल्याला हळूहळू उमगते: पोटातलं मूल मुलगी असलं तर काय. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा १९८८ साली केला, देशाच्या कायद्याच्या सहा वर्षं आधी, म्हणजे ती अट इथल्या घरांत कायद्याने हात घालावा लागण्याइतकी रुजलेली होती. दिग्दर्शकाला ती समजावून सांगावी लागत नाही. प्रेक्षक ती घरून घेऊनच आलेला असतो, आणि नेहाला कळण्याच्या कितीतरी आधी त्याला तुळसाबाईने वाढलेल्या ताटाची भीती वाटू लागते.