उपाशी राहून बारीक होणे

आपल्या परभणी, जिंतूर, गंगाखेडकडे भाकर खाऊन माणसे शेतात राबतात. पण आता गावातही कोणाकोणाचे पोट सुटते. गुडघे दुखतात, साखरेचा आजार मागे लागतो. मग कोणी सांगतो, "खाणंच बंद करा, महिन्यात दहा किलो उतराल!" ऐकावे का त्याचे?

आधी हिशेब करू. अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकात मोजतात. मध्यम भाकरीत साधारण २०० उष्मांक असतात. शेतात राबणाऱ्याला दिवसाला दोन हजारांहून जास्त लागतात. कोणी ८०० वरच राहतो म्हणाला, तर दिवसभरात चार भाकरी, त्याही कोरड्या. भाजी, दूध, तेल काही नाही.

पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरते. माणूस खूश होतो. पण त्यात बरेचसे पाणीच गेलेले असते. पुढे चरबी झिजते, तिच्याबरोबर मांसही झिजते. आणि हृदय तरी काय, मांसाचेच ना! त्यातून रक्तातले क्षार कमी झाले की हृदयाचे ठोके चुकतात.

अमेरिकेत १९७७-७८ साली हेच झाले. गुरांच्या कातड्यातून काढलेल्या प्रथिनांचे पातळ पेय तिथे बाटलीत मिळे. दुसरे काही न खाता लोक तेवढेच पीत. त्यांतली साठच्या आसपास माणसे दगावली. कित्येकांचे हृदय अचानक बंद पडले.

वजन फार भराभर उतरले, तर पित्ताशयात खडेही होतात. चक्कर येते, केस गळतात.

"आम्ही एकादशी करतोच की," असे तुम्ही म्हणाल. पण ती एका दिवसाची. बारशीला आपण जेवतो. शिवाय एकादशी आणि दुप्पट खाशी, हे का ठाऊक नाही?

डॉक्टर मात्र कधी कधी असा आहार देतात. ब्रिटनमध्ये साखरेच्या रोग्यांना तीन ते पाच महिने रोज ८०० हून थोडे जास्त उष्मांक दिले. वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांची साखर गोळ्यांशिवाय ताब्यात आली. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. पण तिथे पेयात जीवनसत्त्वे व क्षार मोजून घातले होते, तपासणी वरचेवर होई. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तर पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या.

घरी कोणी गोळी चालू ठेवून जेवण सोडले, तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात कापतात, शुद्ध हरपते. तेव्हा गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण तोडू नये, आणि आपल्या मनाने गोळीही सोडू नये. गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने तर हा नाद करूच नये. ज्याला छातीत धडधड होते, घेरी येते, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.