घरातला समुद्र – लेखांक ११ : कॅन रिकामा का होत नाही?

पाऊस लागून दहा-बारा दिवस झाले होते आणि आमच्या ठाण्याच्या घरातल्या टाकीतलं लेदर कोरल सलग तिसऱ्या दिवशी मिटलेलं होतं. लेदर म्हणजे अळंबीसारखी जाड छत्री. एरवी तिच्या माथ्यावर शेकडो बारीक पॉलिप डोलत असतात. ते सगळे आत ओढलेले, आणि वरची पाठ गुळगुळीत, मेण फासल्यासारखी चकाकणारी.

लेदर असं अधूनमधून करतंच. ते अंगावरची मेणचट कात टाकतं. त्या काळात ते मिटून बसतं, पाण्याच्या प्रवाहाने कात सुटून जाते आणि काही दिवसांत पुन्हा फुलतं. म्हणून तीन दिवस मी हात लावला नाही. चौथ्या दिवशी मात्र खालच्या खडकावरचे झोआ (पुंजक्याने वाढणारी छोटी मऊ कोरलं) अर्धेच उघडलेले दिसले, आणि मागच्या काचेवरच्या जांभळ्या कोरलाइन शैवालाच्या कडा पांढुरक्या पडलेल्या. कात टाकत होतं लेदर. मग झोआंना आणि शैवालाला काय झालं?

एकट्या कोरलाचं बिनसलं असेल तर त्याच्या आसपास शोधावं. रात्री टॉर्च मारून झोआ खाणाऱ्या गोगलगायी बघाव्यात (त्या झोआंचाच रंग घेतात, दिवसा दिसत नाहीत), शेजारचं कोरल अंगाला लागतंय का बघावं, दिवा नवा लावला होता का ते आठवावं. पण एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले तीन जीव एकाच आठवड्यात कोमेजले, तर पाणी तपासायला घ्यायचं. आणि बिघाड एका रात्रीत झाला की हळूहळू, हेही बघायचं. एका रात्रीत सगळं मिटलं तर हीटर, खारेपणा किंवा विष. पावसाळ्यात घरोघरी डासांचा फवारा मारला जातो, त्याचीही शंका मला आलीच होती. पण कीटकनाशकाचा पहिला घाव कोळंबीवर बसतो, आणि माझी कोळंबी नेहमीसारखी खडकावर चरत होती. शिवाय दुखणं चार दिवसांत वाढत आलं होतं. म्हणजे काहीतरी हळूहळू संपत होतं.

अशा वेळी टाकीत काही ओतण्याचा मोह फार होतो. कृपा करून ओतू नका. आधी मोजा.

तापमान २६ अंश. खारेपणा ३५, रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ च्याच प्रमाणित द्रावणावर जुळवून घेतला होता, कारण शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारं उपकरण वर जाऊन चुकू शकतं. नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, दोन्ही ठीक. मग अल्कलिनिटी, म्हणजे सांगाडा घडवायला लागणाऱ्या कार्बोनेटांचा पाण्यातला साठा, डीकेएच या एककात मोजतात तो. पाच मिलिलिटर पाणी, त्यात रंगद्रव्य, मग एकेक थेंब टाकत हलवायचं, निळ्याचा पिवळा होईपर्यंत. नेहमीपेक्षा दोन थेंब आधीच रंग पालटला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केलं. ६.३ डीकेएच. मेअखेरीस वहीत ८.४ लिहिलेलं होतं. खऱ्या समुद्रात ती सुमारे ७ असते आणि घरच्या टाकीत आपण ७ ते ११ च्या दरम्यान ठेवतो, पण कोरलांना खटकते ती घसरण.

आता ही अल्कलिनिटी गेली कुठे? मीठ तेच, कोरलं तीच, टाकीत जाणारी चुन्याची निवळीही रोजची. दोन दिवस मी वहीत डोकं घालून बसलो. उलगडा आईच्या एका वाक्याने झाला. टाकीला पाणी पुरवणारा कॅन भरायचं काम तिच्याकडे असतं. ती म्हणाली, "अरे, तुझा तो कॅन रिकामाच होत नाहीये. अजून अर्ध्याच्या वर आहे."

टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं. जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी एक छोटा पंप वीस लिटरच्या कॅनमधून आपोआप भरतो. लेखांक सातमध्ये सांगितलं होतं, की मी त्या पाण्यातच चुन्याची निवळी देतो. लिटरला अर्धा ग्रॅम खाद्य दर्जाचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड (पानाचा चुना नव्हे, त्यात आणखी काय असतं ते कळत नाही), आणि झाकण घट्ट, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळीवर सायीसारखा पापुद्रा धरतो आणि तिचा जोर जातो. निवळीतून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही मिळतात, शिवाय सांगाडा घडताना ज्या प्रमाणात लागतात त्याच प्रमाणात.

मे महिन्यात टाकीवर पंखा चालू होता. रोज दोन लिटर पाणी उडायचं, म्हणजे एक ग्रॅम चुना टाकीत जायचा. दोनशे लिटरच्या टाकीत त्याने साधारण ०.३८ डीकेएच मिळते, आणि माझ्या टाकीचा रोजचा खर्चही जवळपास तेवढाच. पाऊस आला, हवा गार झाली, पंखा बंद पडला, हवेतला दमटपणा वाढला. रोज उडणारं पाणी पाऊण लिटरवर आलं. निवळी तीच, तिची वाट तीच, पण टाकीत पोचत होती निम्म्याहूनही कमी. दिवसाला पाव डीकेएचची तूट. दहा दिवसांत दोनच्या वर. हिशेब बरोबर जुळला.

त्यात पावसामुळे खिडक्या बंद. घरात माणसं पाच, कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढलेला, म्हणून पीएचही ७.९ वर उतरलेला. निवळीचं एक काम हा वायू शोषून घेण्याचंही असतं, तेही मंदावलं होतं. पीएच वाढवणारी बाटली यावर घेऊ नये. मी स्किमरच्या (पाण्यातला मळ फेसातून काढणाऱ्या यंत्राच्या) हवेची नळी खिडकीच्या फटीतून बाहेर काढली आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली, एवढ्यावर तो सावरला.

अल्कलिनिटी वाढवायला खाण्याचा सोडा पुरतो. बेकिंग पावडर चालत नाही. दोनशे लिटर पाण्यात एक डीकेएच वाढवायला सहा ग्रॅम लागतो. दिवसाला अर्धा डीकेएच वाढवायचा म्हणून तीन ग्रॅम, आणि रोजची तूट भरायला दीड. असे साडेचार ग्रॅम आरओच्या पाण्यात विरघळवून रोज सकाळी सम्पमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत, सावकाश सोडले. एका दिवसात सगळं भरून काढायची घाई करू नये, उसळीचा धक्का कोरलांना घसरणीइतकाच बसतो. चार दिवसांनी आकडा ८.२.

निवळी दाट करावी असंही मनात आलं होतं. पण मधेच उघडीप पडून पंखा सुरू झाला तर तीच दाट निवळी दिवसाला दोन लिटर जाईल आणि अल्कलिनिटी वर उडेल. म्हणून पावसाळाभर दीड ग्रॅम सोडा चालू ठेवला आहे. सोड्यात कॅल्शियम नसतं, त्यामुळे ते दर आठवड्याला तपासतो. ४०० च्या खाली गेलं तर कॅल्शियम क्लोराइड. मात्र वेगळ्या भांड्यातून आणि वेगळ्या वेळी. दोन्ही एकत्र पडले की पांढरा साका होतो आणि दोन्ही वाया जातात.

एक गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे. माझ्या टाकीत फक्त लेदर, झोआ आणि मशरूमसारखी मऊ कोरलं आहेत. प्रवाळभित्ती उभारणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या पाण्यातून एवढासा तुकडाही उचलू नका, आणि कोणी विकायला आणला तर घेऊ नका. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. झोआ असलेला खडक कधीही उकळू नका, त्या वाफेने माणसं रुग्णालयात पोचली आहेत.

लेदरची कात सहाव्या दिवशी एका बाजूने सुटली. काचेसारख्या पातळ चिंध्या प्रवाहात हलत होत्या, आणि त्यांच्याखालून कडेचे पॉलिप आधी बाहेर आले, मधले दोन दिवसांनी. कॅनवर आता मार्करने लिटरच्या रेघा आखल्या आहेत. सकाळचा चहा झाला की आई रेघ बघते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेखाली आकडा लिहिते.

(पुढील आठवड्यात : नायट्रेट शून्यावर आल्यावर कोरलं फिकी का पडतात)