वीतभर पाणी

फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर चोकोलोस्की नावाचं छोटं बेट आहे. त्याचा उंचवटा बहुतांशी शिंपल्यांचा. शेकडो वर्षं माणसं इथं कालवं खात राहिली, कवचं टाकत राहिली आणि त्याच ढिगांवर घरं बांधत राहिली. या किनाऱ्यावर तेव्हा कालुसा लोकांचा अंमल होता. राजा, सरदार, नजराणे असं सगळं असूनही ते शेतीवर जगत नव्हते. ताडाच्या जातीच्या झाडांच्या तंतूंची जाळी आणि खोड कोरून केलेली होडी यांवर त्यांचं राज्य उभं होतं. युरोपातून आलेले रोग आणि गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांच्या धाडी यांनी अठराव्या शतकात त्यांचा अंत केला. त्यांच्या होड्या ज्या पाण्यात फिरत, त्याच पाण्यात आज कयाक फिरतात. होडी आजही तेवढीच लहान लागते, कारण पाणी तेवढंच उथळ आहे.

चोकोलोस्कीपासून दक्षिणेला फ्लमिंगो या ठिकाणापर्यंत कांदळवनाचा एक अफाट गुंता पसरला आहे. त्याच्या उत्तरेकडच्या भागाला ‘टेन थाउजंड आयलंड्स’ म्हणतात. बेटं दहा हजार नाहीत, पण मोजायला बसावं अशीही ती नाहीत. १९४७च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचं उद्घाटन केलं. आज ते सुमारे १५ लाख एकरांचं आहे. त्यातून जाणारा ९९ मैलांचा जलमार्ग वल्हवत पार करायला आठवडाभर लागतो. कोरडी जमीन जवळपास नाहीच, म्हणून मुक्कामासाठी पाण्यात खांब रोवून लाकडी माच बांधले आहेत. त्यांना ‘चिकी’ म्हणतात. शब्द सेमिनोल लोकांचा. इथली तांबडी मँग्रोव्ह म्हणजे आपल्या कांदळाची सख्खी बहीण आणि काळी मँग्रोव्ह तिवराची. कमानदार मुळं, चिखलातून वर आलेली श्वासमुळं, कुजक्या गाळाचा तो वास, हे सगळं रायगडच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला डोळे मिटूनही ओळखता येईल.

ओळखता येणार नाही ते पाणी. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती साडेचार मीटरांच्या वर चढते. इथं बेटांच्या भागात ती जेमतेम मीटरभर, आणि फ्लोरिडा उपसागराच्या आतल्या कप्प्यांत तर चंद्राचं जवळजवळ काही चालत नाही. पाणी वाऱ्याच्या तालावर चढतं-उतरतं. हिवाळ्यात थंडीच्या लाटेमागून उत्तरेचा वारा सुटला की तो उथळ खाड्यांतलं पाणी समुद्राकडे लोटून देतो आणि काल जिथं मासे होते तिथं आज चिखल उघडा पडतो. गरवणाऱ्याला म्हणून तिथीइतकाच वारा वाचावा लागतो.

कयाक वीतभर पाण्यातही तरंगते. तिचा खरा गुण मात्र तिची शांतता आहे. उथळ पाण्यात मासा आवाजाला लगेच बिचकतो. वल्हं होडीच्या कडेला आपटलं तरी पन्नास हातांवरचा मासा निसटतो. रेडफिश नावाचा तांबूस मासा चिखलात तोंड खुपसून खेकडे उकरतो तेव्हा त्याची शेपटी पाण्याबाहेर डुलते. ती दिसल्यावर वल्हं खाली ठेवायचं, चिखलात काठी रोवून होडी अडकवायची आणि वाट बघायची. ओहोटी लागली की कांदळांतल्या चिंचोळ्या ओहळांतून कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर ओढली जाते. ओहळाच्या तोंडाशी, मुळांच्या सावलीत, प्रवाहाकडे तोंड करून स्नूक दबा धरून असतो.

या स्नूकपाशी मला जरा थांबायचं आहे. रायगडचा जिताडा, गोव्याचं चोणक, यांचा हा दूरचा भाऊबंद. पूर्वी मत्स्यशास्त्रज्ञ दोघांना एकाच कुळात धरत. चण तीच, गोड्या-खाऱ्या पाण्यात सहज ये-जा करणं तेच, आणि कल्ल्यावरच्या झाकणाची कडा तशीच धारदार. त्या कडेनं तंगूस कापला जातो, म्हणून शेवटचे दोन-तीन हात जाड दोरा बांधतात. दोघांमधलं सगळ्यात विलक्षण साम्य वेगळंच आहे. दोन्ही मासे आधी नर असतात आणि मोठे होता होता त्यांतले बरेच मादी होतात. म्हणजे मोठा मासा मारणं म्हणजे बहुधा अंडी घालणारी मादी मारणं. फ्लोरिडानं १९५७ मध्येच स्नूकच्या विक्रीवर बंदी घातली. पुढं मापाचे नियम आले. फ्लोरिडाच्या पश्चिमेला, आखाताच्या बाजूला, २८ ते ३३ इंचांमधलाच मासा ठेवता येतो, तोही हंगामात आणि माणशी एक. त्याहून लहान आणि त्याहून मोठा, दोन्ही परत पाण्यात. आपल्याकडे लग्नाकार्यात मोठ्यात मोठ्या जिताड्याचा मान असतो. ती हौस मी जाणतो, तरी हा नियम वाचल्यापासून तो मान मला टोचतो.

स्नूकला थंडी सोसत नाही. जानेवारी २०१०च्या कडाक्यात उथळ खाड्यांतलं पाणी गोठल्यासारखं गार झालं आणि मेलेल्या स्नूकांचे थर किनाऱ्याला लागले. आखाताच्या बाजूला तो मासा घरी नेण्यावरची बंदी थेट २०१३ पर्यंत टिकली.

ही सारी मासळी कांदळांच्या पानांवर पोसते हे ठामपणे दाखवलं ते एरिक हील्ड आणि विल्यम ओडम या दोघांनी, साठीच्या दशकाअखेरीस, याच एव्हरग्लेड्समधल्या नॉर्थ रिव्हरच्या काठी. गळलेलं पान प्राणी थेट फारसं खात नाहीत. त्यावर बुरशी आणि जिवाणू चढतात, त्याचा चुरा होतो; तो चुरा कोळंबी, खेकडे आणि बारीक मासे खातात, आणि त्यांना स्नूक. तोवर कांदळवन म्हणजे भराव घालायची पडीक दलदल, अशीच फ्लोरिडातली रीत होती. आपल्याकडे ती रीत अजून सरलेली नाही.

इंजिनाच्या होड्यांनी इथं वेगळी इजा केली. पंखा तळाच्या समुद्रगवतातून गेला की मुळांसकट चर पडतो, आणि तो भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. २०११ मध्ये फ्लमिंगोजवळच्या स्नेक बाइट या उथळ खाडीतल्या सुमारे ९,४०० एकरांत इंजिन बंद करण्याचा नियम आला. तिथं बांबूसारखी लांब काठी, वल्हं किंवा विजेवरची छोटी मोटर, एवढंच चालतं.

या कथेला एक कडू बाजू आहे. चोकोलोस्की आणि शेजारच्या एव्हरग्लेड्स सिटीतली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यात बोय आणि खेकडे धरून जगत होती. १९८५ अखेर उद्यानाच्या हद्दीत विकण्यासाठी मासे धरणं पूर्ण बंद झालं. बंदी येणार हे आधीच ठरलं होतं. त्याच सुमारास गावातल्या काहींनी या भुलभुलय्याचं ज्ञान रात्री गांजाच्या गठड्या आणायला वापरलं आणि १९८३च्या जुलैत पोलिसांनी गावाला वेढा घातला. पुढं बरेच जण पर्यटकांना मासे दाखवणारे वाटाडे झाले. हौसेनं आलेल्याला मासा धरता येतो आणि पोटासाठी धरणाऱ्याला नाही, हा न्याय मला पूर्ण पटत नाही. जाळ्यांनी मासळी उपसली जात होती, हेही खरं.

सगळ्यांत मोठा प्रश्न मात्र होडीवाल्यांच्या हातात कधीच नव्हता. खाडीत किती खारं आणि किती गोडं, हे दीडशे किलोमीटर उत्तरेकडच्या ओकीचोबी तलावापासून ठरतं. तिथून पाणी गवताळ सपाटीवरून चादरीसारखं, अगदी संथ, दक्षिणेला सरकायचं. १९२८ मध्ये पुरा झालेला टामियामी ट्रेल हा रस्ता त्याला आडवा आला. १९४८ पासून सरकारनं कालवे आणि बांध घातले. शहरं आणि उसाचे मळे कोरडे राहिले, खाली गोडं पाणी तुटलं. १९८७ मध्ये फ्लोरिडा उपसागरातलं समुद्रगवत मैलोनमैल मेलं. २०१५ मध्ये दुष्काळ आणि उष्म्यानंतर पुन्हा तेच झालं. २००० साली अमेरिकेच्या संसदेनं पाणी पुन्हा दक्षिणेला सोडण्याची योजना मंजूर केली. २०१३ मध्ये टामियामी ट्रेलचा एक मैल उचलून पुलावर घेतला गेला आणि त्याखालून पाणी वाहू लागलं. पुढं आणखी पूल झाले. त्या पुलांखालचं पाणी गवतातून वाट काढत खाली येतं, कांदळांच्या मुळांशी पोचतं, आणि ओहोटीला ओहळाच्या तोंडाशी, काठीला बांधलेल्या कयाकच्या बुडाखालून निघून जातं.