मडकं वाजवून घ्यावं, तशी हॉकीची स्टिक

"अठरा हजाराची काठी? अगं, एवढ्यात इथे दुभती शेळी येते!"

व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी हिशेब मांडला आणि माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने हसत हसत ती काठी कॅमेऱ्यासमोर धरली. काळी, चकचकीत, हातात घेतली तर पोकळ वाटावी इतकी हलकी. ३२ हजार येनची आइस हॉकीची कार्बन स्टिक. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव पडलं 'शेळी'.

आम्ही एदोगावात राहतो. टोकियोच्या पूर्वेकडचा हा वॉर्ड अनेक मराठी घरांना आता परका नाही. २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेली भारतीय कुटुंबं तोझाई लाइनवरच्या निशी-कासाई स्टेशनच्या आसपास वसली, मग किराणा आला, गणपती आला, नदीकाठच्या मैदानावर क्रिकेट आलं. याच वॉर्डातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक स्थानिक सभेवर निवडून आले. आमच्या इमारतीतली बहुतेक भारतीय मुलं क्रिकेट खेळतात. लेकीला मात्र बर्फ आवडला. हिगाशी-शिनोझाकीला एदोगावा स्पोर्ट्स लँड आहे. उन्हाळ्यात तिथे पोहण्याचा तलाव असतो आणि थंडीत बर्फाची रिंक. दुसरीत असताना शाळेच्या मैत्रिणीबरोबर ती तिथे स्केटिंगला गेली आणि तिथून हॉकीकडे वळली.

जपानमध्ये हा खेळ खरा होक्काइदोचा. तोमाकोमाई, कुशिरो ही त्याची गावं. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये महिलांची आइस हॉकी पहिल्यांदा खेळली गेली, तेव्हा यजमान म्हणून जपानचा संघ उतरला होता. २०२२ मध्ये बीजिंगला याच संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली. 'स्माइल जपान' हे त्यांचं लाडकं नाव. लेकीच्या खोलीत त्यांचं पोस्टर आहे.

आता माझी ओळख. जपानला येण्याआधी भोसरीच्या एका कारखान्यात सहा वर्षं मी क्वालिटीत होते. वस्तू हातात आली की ती किती भार घेईल आणि कुठे तुटेल हे बघायची खोड लागली ती कायमची. त्यामुळे शेळी घरात आली तशी एक वहीही आली. तुलनेला १४ हजार येनची साधी कंपोझिट स्टिक होतीच, आदल्या मोसमात घेतलेली.

आधी थोडं या वस्तूविषयी. पूर्वी स्टिक लाकडाच्या असत. आपल्याकडच्या मैदानी हॉकीतही तुतीच्या लाकडाचं राज्य होतं. खडकीचे धनराज पिल्ले लहानपणी मोडक्या स्टिका जोडून खेळले, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. लाकूड जोडता येतं. कार्बनचं तसं नाही. कार्बनचे बारीक तंतू इपॉक्सीत बसवून, थरावर थर देऊन ही पोकळ दांडी बनते. पात्याच्या आत हलका फोम असतो. गंमत म्हणजे हे तंतू मूळचे इथलेच म्हणायला हरकत नाही. १९६१ च्या सुमारास ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी कृत्रिम धाग्यापासून असे तंतू करण्याची पद्धत मांडली आणि १९७१ मध्ये तोरे कंपनीने त्यांचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. आधी मासे पकडायच्या गळाच्या काठ्या, गोल्फचे दांडे, मग विमानं. आइस हॉकीत एकसंध कार्बन स्टिकचा बोलबाला २००० नंतरचा.

स्टिक वाकते, म्हणून चेंडू पळतो. चेंडू म्हणजे कडक रबराची चकती, पक, वजन १६० ग्रॅमच्या आसपास. जोरदार फटका मारताना स्टिक पकच्या किंचित मागे बर्फावर आपटते, धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होताना साठलेला जोर पकला देते. किती वाकणार हे 'फ्लेक्स' नावाच्या आकड्यावरून कळतं. ५० फ्लेक्स म्हणजे दांडी मध्ये एक इंच वाकवायला साधारण ५० पौंड जोर लागतो. खेळाडूच्या पौंडातल्या वजनाच्या निम्मा फ्लेक्स, असा ढोबळ नियम आहे. लेक ४५ किलोची, म्हणजे जवळपास १०० पौंड, म्हणून ५० फ्लेक्स. आणखी एक गोष्ट दुकानात विचारून घ्या: स्टिक कापून आखूड केली की तीच स्टिक हाताला जास्त ताठ लागते. 'थोडी मोठी घेऊ, वाढत्या अंगाची आहे' हा आपला गणवेशाचा हिशेब इथे फसतो.

माझी चाचणी घरगुती होती. दोन खुर्च्यांमध्ये एक मीटर अंतर, त्यावर स्टिक आडवी, मधोमध १० किलो तांदळाची पिशवी टांगायची आणि पट्टीने खाली किती झुकली ते मोजायचं. दर रविवारी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर शेळी ३४० ग्रॅम भरली, साधी स्टिक ४२५. नोव्हेंबरमध्ये शेळी ११ मिलिमीटर झुकली. डिसेंबरात ११. जानेवारीत ११.

वेगही तपासला. प्रत्येक स्टिकने वीस-वीस फटके, मोबाइलवर चित्रण, मग पक जाळीत पोचायला किती फ्रेम लागल्या ते मोजणं. शेळीने मारलेले फटके सरासरीने थोडे वेगवान निघाले. पण लेकीच्या स्वतःच्याच दोन फटक्यांत जेवढा फरक होता, त्यापेक्षा हा फरक लहान होता. जाणवला तो हलकेपणा: तिसऱ्या सत्रात हात दमलेले असताना ८५ ग्रॅम कमी असणं तिला आवडायचं.

जानेवारीच्या शेवटी पात्याच्या वर वीतभर अंतरावर एक ओरखडा दिसला. समोरच्या मुलीची स्टिक तिथे आपटली होती. नखात अडकेल एवढाच. पण कार्बनचं दुखणं असं असतं की वरून टवका आणि आत थर सुटलेले. विमानांच्या तपासणीतही अशा भागावर नाण्याने टकटक करून आवाज ऐकतात. मला मात्र आठवलं भोसरीच्या बाजारातलं माठ घेणं. आई प्रत्येक मडकं बोटाच्या पेराने वाजवून बघायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर ठेवून द्यायचं. मी दहा येनचं नाणं घेऊन दांडीवर वरून खाली वाजवत आले. खण, खण, खण आणि ओरखड्यापाशी बद्द. तांदळाच्या पिशवीने त्या रविवारीही ११ च मिलिमीटर दाखवले.

"जपून वापर हं," मी लेकीला म्हटलं. वहीत तारीख घातली. खरं सांगायचं तर मनातून खूष होते, कारण माझी तपासणी लागू पडली होती.

दोन आठवड्यांनी प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. ते कमी बोलतात. म्हणाले, लेक जागेवर बरोबर पोचते, समोर जाळी मोकळी असते, तरी पक दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. आणि शेवटी एक शब्द: "मोत्ताइनाइ."

इथे राहणाऱ्यांना हा शब्द रोज भेटतो. वाया घालवू नये, चीज व्हावं, अशा अर्थाचा. ताटात भात टाकला तर मोत्ताइनाइ. गेले तीन महिने मीही तो घरात सारखा वापरत होते, पण स्टिकसाठी. स्टिक भिंतीला आपटू नकोस, मोत्ताइनाइ. बर्फावर उगाच ठोकू नकोस, मोत्ताइनाइ.

परतीच्या बसमध्ये लेकीला विचारलं. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मोडली तर तू आज्जीला सांगशील ना, शेळी मेली म्हणून? आणि मग सगळे हसतील. पण तू हसणार नाहीस. तू वहीत लिहिशील."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत वजन होतं, फ्लेक्स होता, ओरखड्याची तारीख होती. लेकीने किती फटके मारलेच नाहीत, याचा रकाना नव्हता. स्टिक कशी चालते हे मी तपासत होते आणि माझ्या तपासण्यामुळेच ती चालायची थांबली होती.

त्या रात्री वही कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी लेकीला सांगितलं, "मोडायची तर मोडू दे. पण मारताना मोडू दे."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सराव सामन्यात मोडली. उजवीकडून आली, स्टिक मागे नेली आणि पूर्ण जोराने फटका मारला. काचेमागे मला 'कडाक्' ऐकू आलं. पक गोलकीपरच्या पॅडला लागून बाहेर गेला. स्टिक ओरखड्यापाशीच दुभंगली होती. मोडकी स्टिक हातात ठेवून खेळलं तर दंड होतो, म्हणून लेकीने हातातला तुकडा तिथेच टाकला, बाकापाशी येऊन जुनी, जड स्टिक घेतली आणि पुन्हा आत गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेच मला हवं होतं.

आता हिशेब. शेळी चार महिने टिकली, म्हणजे महिना आठ हजार येन. कंपन्यांची हमी बहुधा तीस दिवसांची असते, ती केव्हाच संपली होती. साधी स्टिक अजून धड आहे, पण ती निम्माच वेळ खेळली, म्हणून ही बरोबरीची तुलना नाही. तरीही मुलं खेळत असलेल्या घरांना एवढं सांगेन: वाढत्या वयात सगळ्यात महागडी एक घेण्यापेक्षा मधल्या किमतीच्या दोन घ्या, एकाच फ्लेक्सच्या आणि पात्याच्या एकाच वळणाच्या. पात्याची टेप वेळेवर बदला. ओरखडा दिसला की नाण्याने वाजवून बघा. बद्द वाजली तर ती सरावाला ठेवा, सामन्याला दुसरी न्या. स्टिक मोडेपर्यंत तितकीच ताठ राहू शकते, त्यामुळे मोजपट्टीवर विसंबू नका. आणि किंमत मुलांसमोर एकदाच सांगा.

मोडकी दांडी टाकायची म्हटलं तर ३० सेंटिमीटरहून मोठी, म्हणजे मोठा कचरा. आधी नोंदणी करा, पैसे भरून स्टिकर चिकटवा. त्यापेक्षा मी तोंडाला मास्क लावून तुटलेल्या टोकांवर जाड टेप गुंडाळली, कारण कार्बनची कुसळं हातात शिरली की निघत नाहीत. मग दांडी बाल्कनीतल्या कुंडीत रोवली. या उन्हाळ्यात तिच्यावर घेवड्याचा वेल चढलाय.

सासूबाई दर रविवारी कॉलवर विचारतात, "शेळी कशी आहे?"

लेक फोन बाल्कनीत नेते, शेंगा दाखवते आणि म्हणते, "आज्जी, अजून दूध देतेय."