गाडीच्या बंपरला दिलेला रंग काही महिन्यांतच का सोलवटतो?

पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना खांब दिसला नाही आणि बंपरचा कोपरा घासला, हा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. जवळच्या गॅरेजमध्ये दोन दिवसांत बंपर नव्यासारखा करून मिळतो. मग एक दिवस वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोरदार फवारा बसतो आणि तळहाताएवढा रंग कांद्याच्या सालीसारखा सुटून येतो. माझ्या गाडीचं हेच झालं. पेंटरने दोष फवाऱ्याला दिला, मी पेंटरला. खरी गोम होती बंपरच्या प्लास्टिकमध्ये.

आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. धक्का सोसावा म्हणून त्यात ईपीडीएम नावाचं रबर मिसळतात आणि ताठपणा यावा म्हणून टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी. पॉलिप्रॉपिलीनचे डबे आपल्या स्वयंपाकघरातही असतात. अशा डब्याचं झाकण फुटलं, तर झटपट चिकटवणाऱ्या गोंदाने ते कधी नीट चिकटलंय का? हे प्लास्टिक मेणाच्या स्वभावाचं आहे. त्याच्या पृष्ठभागावर गोंद पसरत नाही आणि रंगही पकड घेत नाही. म्हणूनच कारखान्यात रंगाआधी बंपरवरून क्षणभर ज्योत फिरवतात किंवा त्यावर खास प्रायमर मारतात. गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते.

काम सुरू करण्याआधी बंपर उतरवून आतली बाजू पाहायला हवी. तिथे प्लास्टिकचा प्रकार इंग्रजी अक्षरांत कोरलेला असतो. ‘पीपी’ आणि ‘ईपीडीएम’सोबत ‘टीडी२०’ दिसलं, तर त्यात २० टक्के टाल्क आहे असं समजायचं. ‘एबीएस’ असेल तर रंगवणं बरंच सोपं. ‘पीयूआर’ असेल तर ते पुन्हा वितळत नाही, त्यामुळे वेल्डिंगचा उपयोग नाही. बंपर उतरवण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याला बाहेरून दिसतं ते नुसतं आवरण. धडकेचा खरा मार झेलतात त्यामागचा फोम आणि धातूचा आडवा दांडा. दांडा वाकला असेल तर वरून केलेली रंगरंगोटी फसवीच.

नुसता पोचा आला असेल, तर उकळतं पाणी ओतून किंवा हीट गनने हळूहळू गरम करून आतून दाबलं, की तो बऱ्याचदा जागेवर येतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, त्यामुळे हीट गन एका जागी धरून ठेवायची नाही. भेग असेल तर काम वाढतं. भेगेच्या टोकाला छोटं भोक पाडतात, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग भेगेवर व्ही आकाराची खाच करून त्याच प्लास्टिकची काडी वितळवून भरतात आणि मागच्या बाजूने स्टीलची जाळी बसवतात. एबीएसची काडी पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिसळत नाही. दिसायला जोड पक्का, पण पहिल्याच धक्क्याला उकलतो. पत्र्यावरची नेहमीची पुट्टीही इथे चालत नाही. बंपर वाकतो, ती वाकत नाही, मग तडा जातो. प्लास्टिकसाठीची लवचीक पुट्टी वेगळी मिळते.

रंगाआधी स्वच्छतेत घाई नको. आधी साबण-पाणी, मग मेण आणि सिलिकॉन काढणारं द्रावण, आणि त्यानंतरच घासकाम. उलट केलंत तर पॉलिश पेपर तेलकटपणा ओरखड्यांतच बसवतो. घासल्यावर जिथे उघडं प्लास्टिक दिसतं, तिथे ‘अ‍ॅडहेजन प्रमोटर’चा पातळ, पारदर्शक थर द्यायचा. पकड न घेणारं प्लास्टिक आणि वरचा प्रायमर यांच्यातला दुवा हाच. त्यावर डब्यावर लिहिलेल्या वेळेतच पुढचा थर गेला पाहिजे. पुढे प्रायमर, रंग आणि शेवटी क्लिअर कोट. दमट पावसाळी दिवशी हे काम टाळलेलं बरं, कारण थर वाळताना ओल धरतो आणि चमक धुरकटते.

रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर मिळतो, पण उन्हात काही वर्षं राहिलेल्या गाडीला तो तंतोतंत जुळेलच असं नाही. चंदेरी मेटॅलिक रंगात तर फवारणीच्या हातावरही छटा बदलते. नव्या गाडीतही बंपर आणि पत्रा बऱ्याचदा वेगवेगळे रंगवलेले असतात, त्यामुळे किंचित फरक दिसला तर पेंटरशी भांडू नका.

घरी स्प्रे कॅनने हे करायची हौस असेल तर एक गोष्ट गंभीरपणे घ्या. हार्डनर घालून वापरायच्या क्लिअर कोटमध्ये सहसा आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि कोविडकाळातले कापडी मास्क त्याला अडवत नाहीत. ती फवारणी योग्य साधनं असलेल्या पेंटरकडेच सोपवावी. बंपरमागे रडार असलेल्या गाड्यांत त्या भागावर पुट्टी आणि रंगाचे जाड थर चालत नाहीत. तिथे कंपनीच्या सूचना पाहाव्यात.

आता पैशांचं. साध्या विमा पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. झिरो डेप्रिसिएशन असेल तर ही कपात टळते. मात्र एका दाव्याने नो क्लेम बोनस जातो आणि सलग पाच वर्षं दावा नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. छोट्या भेगेसाठी दावा करण्याआधी हा हिशेब मांडा. पकडीचे कान, म्हणजे बंपर अडकवायच्या खुंट्या, अनेक ठिकाणी तुटल्या असतील तर मात्र दुरुस्तीच्या फंदात न पडता बंपर बदलावा. नवा कोरा बंपरही आधी नीट धुवावाच लागतो, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं द्रव्य त्यावर राहिलेलं असू शकतं.

रंग झाल्यावर निदान महिनाभर वॅक्स नको आणि जोरदार फवाराही नको. त्यानंतरही पाण्याचं नोझल हातभर लांब धरायला सांगा, विशेषतः कडांपाशी. रंग सुटायला सुरुवात तिथूनच होते.